जुना चित्रपट, नवा पडदा. अक्षरांची जागा काळ्या पट्टीत

घरोघरी भिंतीवर मोठे हाय डेफिनिशन संच आले; पण कपाटात जपून ठेवलेल्या डीव्हीडी त्यावर लावल्या, की अनेकांची निराशा होते. चित्र धूसर दिसते, वर-खाली काळ्या पट्ट्या उरतात आणि सबटायटल्स नेमकी चित्रावर येऊन बसतात. संगणकाच्या साह्याने हे दोष बरेच कमी करता येतात. मात्र कोणते काम आधी करायचे आणि कोणते नंतर, यावर सारे अवलंबून असते.

चित्र मोठे होते म्हणजे काय?

आपल्याकडील पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरील चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० बिंदूंचे असते. फुल एचडी पडद्यावर १९२० बाय १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० बिंदू असतात. हे प्रमाण बरोबर पाचपट आहे. थोडक्यात, पडद्यावरील दर पाच बिंदूंमागे सुमारे चार बिंदू मूळ चकतीवर नसतातच; ते शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढावे लागतात. यालाच अपस्केलिंग म्हणतात.

बायक्युबिक, लँक्झॉस या जुन्या पद्धती शेजारच्या बिंदूंची भारित सरासरी काढतात. २०१४ नंतर असंख्य चित्रांवरून शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कचा वापर वाढला. त्यामुळे कडा स्वच्छ दिसतात. पण हरवलेला तपशील परत मिळत नाही, तो नव्याने रचला जातो. दूरवरच्या गर्दीतला एखादा चेहरा त्यामुळे भलत्याच माणसाचा वाटू शकतो.

पट्ट्या आल्या कुठून?

जुन्या चित्रपटांची चौकट ४:३ च्या जवळपास होती. १९५३ मध्ये 'द रोब' या चित्रपटाने सिनेमास्कोपचा रुंद पडदा आणला. भारतात १९५९ चा 'कागज के फूल' हा या तंत्राचा पहिला चित्रपट मानला जातो. २.३५:१ प्रमाणाचे असे चित्र फुल एचडी पडद्यावर पूर्ण रुंदीने दाखवले, तर त्याला सुमारे ८१७ ओळी पुरतात. उरलेल्या २६३ ओळींपैकी वर आणि खाली प्रत्येकी सुमारे १३१ ओळी काळ्या राहतात. सबटायटल्ससाठी हीच मोकळी जागा आहे. याउलट १९३६ च्या 'संत तुकाराम'सारख्या जवळजवळ चौकोनी चित्रपटात पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूंना येतात. तेथे अक्षरे चित्रावरच ठेवावी लागतात.

आधी चित्र, शेवटी अक्षरे

अनेक जुन्या डीव्हीडींमध्ये पट्ट्या चित्राचाच भाग म्हणून नोंदवलेल्या असतात. ४:३ चौकटीत बसवलेल्या २.३५:१ च्या चित्रपटात ५७६ पैकी सुमारे ३२७ ओळींतच खरे चित्र असते. अशा वेळी कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. चित्र इंटरलेस्ड असेल, तर प्रथम त्यातील एकाआड एक ओळींची गुंफण सोडवावी. अन्यथा कडांवरचे कंगव्यासारखे दातेही चित्रासोबत मोठे होतात. त्यानंतर जुन्या पट्ट्या कापाव्यात, प्रमाण राखून चित्र मोठे करावे आणि मग नव्या स्वच्छ काळ्या पट्ट्या जोडाव्यात. अक्षरे सर्वांत शेवटी, पूर्ण रिझोल्यूशनमध्ये उमटवावीत. एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरने हे सारे करता येते. केवळ पाहायचे असेल, तर एमपीव्हीसारखे प्लेअर साध्या मजकुराची सबटायटल्स थेट काळ्या पट्टीत दाखवू शकतात.

डीव्हीडीवरील सबटायटल्स मजकूर नसून छोटी चित्रे असतात. अक्षरओळख सॉफ्टवेअरने त्यांचा मजकूर बनवता येतो. पण तो एकदा वाचून तपासणे आवश्यक असते. चित्रातच कायमची छापलेली अक्षरे मात्र वेगळी काढता येत नाहीत.

अनुस्वाराचे मोल

देवनागरीसाठी हा क्रम अधिकच महत्त्वाचा आहे. वेलांटी, मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. त्यामुळे १३१ ओळींच्या पट्टीत मजकुराच्या दोन ओळी जेमतेम मावतात. तिसरी चित्रावर चढते. शिवाय कमी रिझोल्यूशनमध्ये अनुस्वार हा अवघ्या एक-दोन बिंदूंचा ठिपका असतो. चित्रासोबत अक्षरेही मोठी केली, तर संगणक तो ठिपका डाग समजून पुसून टाकू शकतो. 'चिंता'मधला अनुस्वार गेला, की 'चिता' उरते. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकासाठी सबटायटल हाच संवाद असतो. त्याला ही चूक कानांनी दुरुस्त करून घेता येत नाही.

काय जपावे?

पट्टीतील अक्षरांनाही मर्यादा आहेत. ती फार खाली गेली, तर नजर चेहऱ्यावरून सतत उतरवावी लागते. म्हणून मजकूर चित्राच्या खालच्या कडेलगत ठेवलेला बरा. प्रोजेक्टरवर रुंद पडदा पूर्ण भरण्यासाठी चित्र मोठे केले, तर पट्ट्या पडद्याबाहेर जातात आणि सोबत अक्षरेही. त्यामुळे सबटायटल्सची फाइल शक्यतो स्वतंत्र ठेवावी. मूळ चकतीची जशीच्या तशी प्रतही जपावी. उद्या अधिक चांगले तंत्र आले, तर त्याला आजच्या सुधारलेल्या प्रतीचा नव्हे, तर त्या धूसर मूळ चित्राचाच उपयोग होणार आहे.