भारतीय लष्करातील धर्मशिक्षकपद आणि स्त्रिया : प्रवेश व सातत्याचा प्रश्न

प्रस्तावना :
पोलीस भरतीसाठी पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या विद्यार्थिनी चामोर्शी परिसरातील प्राध्यापकांना नव्या नाहीत. गणवेशाच्या सेवेत स्त्रिया स्थिरावत असताना लष्करातील एक पद मात्र चर्चेबाहेर राहिले आहे. ते पद धर्मशिक्षकाचे होय. प्रस्तुत लेखात या पदावरील स्त्रियांच्या प्रवेशाचा व त्या सेवेत टिकून राहण्याचा विचार केला आहे.

पदाचे स्वरूप :
पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री व बौद्ध भिक्षू अशा वर्गांत ही भरती होते. निवड झालेल्यास नायब सुभेदार हा दर्जा मिळतो. धर्मस्थळातील उपासनेबरोबरच अंत्यविधी करणे, रुग्णालयातील जवानांना धीर देणे, शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांना भेटणे आणि सैनिकांच्या कुटुंबांची विचारपूस करणे ही त्याची कर्तव्ये होत. यांपैकी कोणतेही काम स्त्रीला अशक्य नाही. तरीही भरतीच्या जाहिराती पुरुष उमेदवारांसाठीच निघत आल्या आहेत.

पात्रतेचा प्रश्न :
पंडित पदासाठी संस्कृतातील शास्त्री वा आचार्य पदवी लागते. शास्त्री असल्यास कर्मकांडाची पदविकाही आवश्यक असते. रामटेक येथे १९९७ मध्ये स्थापन झालेल्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठात विद्यार्थिनींनाही प्रवेश आहे. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास प्रारंभ केला. पुढे ज्ञानप्रबोधिनीनेही हे कार्य केले. म्हणजे समाजाने स्त्री पुरोहित स्वीकारली, लष्कराचे दार मात्र तिच्यासाठी उघडलेले नाही. पाद्री पदाची अडचण दुहेरी आहे. त्यासाठी धर्मदीक्षा आवश्यक असून कॅथलिक पंथात ती स्त्रियांना दिली जात नाही.

सातत्याचा प्रश्न :
केवळ प्रवेश मिळाल्याने प्रश्न सुटत नाही. १९९२ पासून स्त्रिया लष्करात अल्पसेवा अधिकारी म्हणून येऊ लागल्या. विधी व शिक्षण शाखांत २००८ मध्ये त्यांना स्थायी नियुक्तीची वाट मोकळी झाली; अन्य अनेक शाखांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालाची वाट पाहावी लागली. कर्तृत्व असूनही पुढील वाट बंद असेल, तर सेवा सोडावीच लागते. धर्मशिक्षिकेस यात आणखी एक भार पडेल. पलटणीत धर्मशिक्षक बहुधा एकटाच असतो; मन मोकळे करण्यास समव्यवसायी स्त्री सहकारी तिला लाभणार नाही. म्हणून बदल्यांचे धोरण, बालसंगोपनाची सोय व पदोन्नती यांचा विचार भरतीबरोबरच व्हावयास हवा.

अमेरिकी नौदलाने १९७३ मध्ये व भूदलाने १९७४ मध्ये स्त्री धर्मगुरू नेमल्या. २०११ मध्ये तेथील सैन्याच्या पहिल्या हिंदू धर्मगुरू ठरलेल्या प्रतिमा धर्म या भारतात जन्मलेल्या स्त्रीच होत.

निष्कर्ष :
भारतात जन्मलेली स्त्री परदेशी सैन्यात जे कार्य करू शकली, त्यासाठी येथे तिला अर्जही करता येऊ नये, ही विसंगती आहे. २०२१ मध्ये लष्करी पोलीस दलात स्त्री जवानांची पहिली तुकडी दाखल झाली. अशा जवानांच्या दुःखात त्यांच्याजवळ बसणारी धर्मशिक्षिका ही सवलत नसून सेवेची गरज आहे. संस्कृतची पदवी घेणाऱ्या आपल्या विद्यार्थिनीस निदान अर्ज करण्याची संधी मिळावी, हीच अपेक्षा.