शाळागृहांची पुनर्बांधणी आणि शाळांचीं दप्तरें

संस्कृतांत ‘शाला’ या शब्दाचा मूळ अर्थ घर, दालन. पाकशाला, गोशाला, यज्ञशाला या सामासिक शब्दांत तो अर्थ अद्याप स्पष्ट दिसतो. मराठींत येतांना या शब्दानें घर सोडून संस्था धरली. शाळा भरते, शाळा सुटते, शाळा गांवीं येते. घर मात्र चावडीचें, देवळाचें किंवा कोणा सावकाराच्या ओसरीचें असूं शकतें. हा अर्थभेद केवळ कोशकारांच्या उपयोगाचा आहे असें नाहीं. शाळेचें घर किती वेळां बदललें, कोणाच्या पैशानें बांधलें गेलें आणि बांधतांना आंतील सामान कोठें गेलें, हें कळल्यावांचून शाळेच्या दप्तराचा माग लागत नाहीं. कुळकर्ण्यांचे वाडे, मठ आणि क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या यांवर आपण जो काळ वेंचला त्याचा दशांशही जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांच्या कपाटांच्या वांट्यास आलेला नाहीं. इकडे जुन्या शाळागृहांच्या जागीं नवीं उठविण्याचें काम वर्षानुवर्ष चालू आहे. त्या कामाचा पूर्वेतिहास आणि त्यांत दप्तरांचें काय होतें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

विद्येसाठीं स्थानिक कर बसविण्याची कल्पना इंग्रजी अमदानींत निघाली असा जो समज आहे, तो प्रथम दूर केला पाहिजे. खानदेशांत चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेख वाचकांस परिचित आहेच. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याच्या पदरीं ज्योतिषी होता. त्यानें आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून मठ स्थापिला, आणि निकुंभवंशीय सोइदेवानें शके ११२८ मध्यें त्या मठास उत्पन्न लावून दिलें. लेखाचा मराठी भाग आपण भाषेच्या प्राचीनतेसाठीं वाचतों. परंतु त्यांतील मजकूर पाहिला तर तो शाळेचा जमाखर्च आहे. पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरचा हिस्सा, चालत्या घाण्यामागें पळीभर तेल, असा तो तपशील आहे. अमरकोशांत ‘मठ’ म्हणजे छात्रादिकांचें निवासस्थान असा अर्थ दिला आहे, तो येथें अक्षरशः लागू पडतो. उत्पन्न कोठून आलें हें दगडावर कोरलें गेल्यामुळें तें आठशें वर्षांनंतरही वाचतां येतें.

यानंतरचें मोठें उदाहरण पुण्याच्या विश्रामबागवाड्याचें. दुसऱ्या बाजीरावानें इ. स. १८०७ च्या सुमारास बांधविलेला हा राहता वाडा. राज्य गेल्यावर तो कंपनी सरकारच्या हातीं आला, आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजीं कमिशनर चॅपलिन याच्या अमलांत तेथें संस्कृत पाठशाळा उघडली. तिच्या खर्चास दक्षिणाफंडांतील पैसा लावला. पेशवाईंत श्रावणमासीं विद्वानांस वांटली जाणारी दक्षिणा बंद केली तर शहर क्षुब्ध होईल, आणि तशीच चालू ठेवली तर उपयोग दिसणार नाहीं, अशा अडचणींतून काढलेली ही तोड होती. न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र, अलंकार, ज्योतिष, वैद्यक हे विषय आणि वेदाध्ययन, अशी तेथील मांडणी होती. सुरूच्या आकाराच्या कोरीव खांबांमध्यें, जेथें दरबारी मंडळी बसावयाची तेथें, शास्त्रीबोवांच्या बैठकी पडल्या. शाळेसाठीं घर बांधलें नाहीं. घर होतें म्हणून त्यांत शाळा बसविली. पुढील अर्धशतकांतील बहुतेक शाळागृहांची हीच कथा आहे.

१८५१ सालीं ही पाठशाळा आणि सरकारी इंग्रजी शाळा एक होऊन पुणें कॉलेज झालें. १८६४ पासून त्यास डेक्कन कॉलेज म्हणूं लागले, आणि १८६८ सालीं तें येरवड्याच्या नव्या दगडी इमारतींत गेलें. या इमारतीस सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचें मोठें साहाय्य झालें होतें. पुढें मे १८७९ मध्यें पुण्यांत जी प्रसिद्ध आग लागली तिच्यांत बुधवारवाडा नष्ट झाला आणि विश्रामबागेचाही कांहीं भाग जळाला. जळलेला भाग लोकवर्गणी व नगरपालिकेचा पैसा यांतून पुन्हां उभारला गेला. म्हणजे राजवाडा, पाठशाळा, कॉलेजाचें स्थलांतर, आग आणि पुनर्बांधणी हे सर्व प्रसंग एकाच वास्तूच्या इतिहासांत साठ-सत्तर वर्षांत घडले.

आतां पोथ्यांकडे वळूं. पाठशाळेचा ग्रंथसंग्रह कॉलेजाकडे गेला. डेक्कन कॉलेजांत ठेविलेला सरकारी हस्तलिखितांचा सर्व संग्रह १९१८ सालीं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या स्वाधीन झाला, त्याबरोबर तोही गेला. घर दोनदां बदललें, मालक बदलले. तरी संशोधन मंदिराच्या सूचींत आजही त्या पोथ्यांच्या क्रमांकास ‘विश्रामबाग’ हें नांव जोडलेलें आहे. ज्यानें कोणी पहिल्या स्थलांतराच्या वेळीं गठ्ठ्यावर मूळ वास्तूचें नांव राहूं दिलें, त्याचे उपकार मोठे आहेत. तें एक नांव नसतें तर हा संग्रह बुलर, कीलहॉर्न प्रभृतींनीं मिळविलेल्या हजारों पोथ्यांत मिसळून गेला असता, आणि पाठशाळेंत काय शिकविलें जात होतें याचें हें साधन आपणांस कायमचें अंतरलें असतें. मूलस्थानाची खूण ही पोथीच्या पुष्पिकेइतकीच महत्त्वाची आहे, हें संग्राहकांस निराळें सांगावयास नको.

खेड्यांतील शाळांच्या दप्तरास अशी खूण लाभली नाहीं. सरकारी शाळा प्रथम निघाल्या तेव्हां जागा गांवानें द्यावी व मास्तराच्या वेतनाचा कांहीं वांटा उचलावा, अशी रीत मुंबई इलाख्यांत होती. म्हणून शाळा चावडींत, धर्मशाळेंत, मारुतीच्या देवळांत भरत. आणि देवळांत भरली कीं कांहीं मुलें उंबऱ्याबाहेर राहत, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. १८५५ सालीं शिक्षणखातें स्वतंत्र झालें. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा लोकलफंड घेण्यास सुरुवात झाली व त्याचा तृतीयांश शिक्षणाकडे लावण्यांत आला. १८६९ च्या कायद्यानें ही पट्टी कायम झाली. शाळेसाठीं म्हणून निराळें घर बांधण्यास हुकमी पैसा प्रथम या पट्टींतून मिळाला. ती भरणारा कुणबी आणि तिच्यावर चाललेल्या शाळेंत बसणारा मुलगा हे बहुधा एका घरचे नसत, ही तक्रार जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट शब्दांत मांडली. ती खरी होती कीं नव्हती हें पाहण्याचें सर्वांत निर्णायक साधन त्याच शाळांच्या दप्तरांत आहे. कारण दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची जात तेथें लिहिलेली आहे.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यांत असा. १८८४ च्या कायद्यानें जिल्हा लोकलबोर्डें आलीं, आणि १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें शाळा त्यांच्या स्कूलबोर्डांकडे आल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेनें प्रत्येक शाळेस सर्व ऋतूंत वापरतां येतील अशा निदान दोन खोल्या व ओसरी असावी असें ठरविलें. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत गांवेंच्या गांवें नव्या जागीं वसलीं आणि त्यांबरोबर शाळाही. २००१ पासून सर्व शिक्षा अभियानाचा पैसा आला. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें दर शिक्षकामागें एक खोली, मुलगे व मुली यांस निरनिराळीं स्वच्छतागृहें, अपंगांस जातां येईल अशी वाट आणि मुख्याध्यापकासाठीं कचेरी-कोठार हीं आवश्यक ठरविलीं. मुलांच्या डोक्यावर पडेल असें छप्पर राहूं द्यावें असें कोणीही सुज्ञ म्हणणार नाहीं. वास्तूंच्या अभिमानापोटीं पाडापाडीस विरोध करणाऱ्यांत मी नाहीं. माझें म्हणणें पाडण्याच्या आदल्या आठवड्याविषयीं आहे.

जुनी खोली पाडावयाची तर प्रथम तिचें निर्लेखन होतें. अभियंता ती धोकादायक ठरवितो, वरिष्ठांची मंजुरी येते, कवलें, वासे, सागवानी तुळया यांचा हिशेब होऊन लिलांव होतो. तुळईची मोजणी इंचांत होते. कपाटांतील वह्यांची मोजणी कोणी सांगत नाहीं, कारण त्या इमारतीचा भाग नव्हत. काम चालू असतां शाळा समाजमंदिरांत किंवा देवळांत भरते. वह्या गोणपाटांत बांधून एखाद्या सदस्याच्या घरीं, नाहीं तर पंचायतीच्या माळ्यावर जातात. नवी खोली पूर्ण होईतों मुख्याध्यापकाची बदली झालेली असते. एका शाळेंत असेंच बांधकाम झाल्यावर मला तीन गोणपाटांपैकीं दोनच परत आलेलीं दिसलीं. तिसऱ्याची चौकशी केली तेव्हां, त्यांत जुन्या मोडी वह्या होत्या, कोणास वाचतां येत नव्हत्या, असें उत्तर मिळालें. तें उत्तर देणारा मनुष्य प्रामाणिक होता. त्यानें फक्त आपल्या दृष्टीचें मोल सांगितलें.

या दप्तरांत असतें काय, हें क्रमानें पाहूं. मुख्य पुस्तक दाखल-खारीज नोंदवही, जिला आपण जनरल रजिस्टर म्हणतों. ही वही कायम जतन करावयाची असा नियमच आहे. अनुक्रमांक, मुलाचें व बापाचें नांव, जात, जन्मस्थान, जन्मतारीख, पूर्वीची शाळा, दाखल झाल्याचा व नांव काढल्याचा दिवस, इयत्ता आणि शाळा सोडण्याचें कारण, इतकें तींत असतें. यांतील शेवटचा रकाना मला सर्वांत मोलाचा वाटतो. गुरें राखण्यास गेला, बापाबरोबर मुंबईस गेला, मयत: दोन शब्दांत लिहिलेल्या या कारणांवरून दुष्काळाचीं व सांथीचीं वर्षें ओळखतां येतात. दुसरें शेरेपुस्तक. तपासणीस आलेल्या डेप्युटीनें येथें घराविषयींही लिहिलेलें असतें: छप्पर गळतें, जमीन सारवलेली नाहीं, मुलींस बसावयास जागा नाहीं. इमारतीचा इतिहास लिहिण्यास याहून चांगलें साधन नाहीं. तिसरी डेडस्टॉकची वही; नकाशे, फळे, घंटा, पृथ्वीचा गोल यांची तींत यादी असते. हजेरीपट मुदतीनंतर रद्द करतां येतात, म्हणून जुने क्वचितच सांपडतात.

पुरावा म्हणून वापरतांना एक सावधगिरी ठेवावी. जन्मतारखेच्या रकान्यांत १ जून ही तारीख संशयास्पदरीत्या वारंवार येते. बापास तारीख ठाऊक नसली कीं मास्तर शाळाप्रवेशाच्या सोयीची तारीख घालीत. जातीच्या रकान्यांतही एकाच कुळाचीं नांवें वेगवेगळ्या मास्तरांच्या हातीं वेगळीं झालेलीं दिसतात. तेव्हां एक नोंद न पाहतां त्या घराच्या दोन पिढ्यांच्या नोंदी एकत्र पाहाव्या.

या वह्यांवर आतां केवळ संशोधकांचेंच काम अडलेलें नाहीं. जातीचा दाखला पडताळतांना अनुसूचित जातींच्या अर्जदारास १० ऑगस्ट १९५०, आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ या दिवसांपूर्वींचा पुरावा दाखवावा लागतो. भूमिहीन कुटुंबाजवळ सातबारा नसतो, खरेदीखत नसतें; आजोबाचा शाळेंतील दाखला हाच त्याचा एकमेव जुना कागद. २०२३ सालीं नेमलेल्या न्यायमूर्ति शिंदे समितीनें कुणबी नोंदींचा शोध चालविला तेव्हां महसुली कागदांबरोबर शाळांचीं रजिस्टरेंही उघडावीं लागलीं, आणि मोडी वाचणाऱ्यांस जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावणीं आलीं. ज्या गांवीं ती वही माळ्यावर वाळवीनें खाल्ली होती, तेथील लोकांस तहसिलींतून रिक्त हस्तें परत यावें लागलें.

आपल्यांतील ज्यांस मोडी येते त्यांनीं जवळच्या पांच-दहा शाळांची वांटणी करून घ्यावी. निर्लेखनाच्या मंजुऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण व बांधकाम विभागांतून निघतात. तेथें चौकशी केली तर यंदा कोणत्या शाळा पडणार हें कळतें. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन वह्यांची यादी करावी, पहिल्या व शेवटच्या नोंदीची तारीख टिपावी आणि पानांचीं छायाचित्रें घ्यावीं. मूळ वही शाळेबाहेर नेऊं नये. ती शाळेचीच मालमत्ता आहे, आणि संग्रहाच्या मोहानें ती घरीं आणणारा मनुष्य व ती रद्दींत घालणारा मनुष्य यांत गांवाच्या दृष्टीनें भेद नाहीं. प्रत्येक गठ्ठ्यावर शाळेचें, गांवाचें आणि जुन्या घराचें नांव घालावें: ‘मारुतीच्या देवळांतील शाळा’, ‘लोकलबोर्डाची कौलारू शाळा’, जें असेल तें. भिंतींत कोनशिला असल्यास तिचा ठसा घ्यावा, आणि ती नव्या ओसरींत बसविण्याविषयीं कंत्राटदाराशीं पाया भरण्यापूर्वींच बोलून ठेवावें. भिंत पडल्यावर दगड भरावांत जातो.