स्कफल, ब्रॉल आणि एक बादली

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी जेमतेम पास व्हायचा पेपर होता. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण या कॉन्व्हेंटपायीच माझ्या हातून एक घोळ झाला आणि त्यातून हा लेख निघाला.

गेल्या थंडीत आमच्या मजल्यावर दोघींची गरम पाण्यावरून जुंपली. गीझर एक, मुली बावीस आणि आठला लेक्चर! एकीने रांगेत लावलेली बादली दुसरीने सरकवली. पहिलीने कडी धरली, दुसरीनेही धरली. ओढाओढीत एकीचं कोपर दुसरीच्या नाकाला लागलं आणि निम्मं पाणी माझ्या चपलांवर. सगळा मामला दीड मिनिटाचा. रेक्टर मॅडमना इंग्रजीत लेखी रिपोर्ट हवा होता, आणि 'हिचं इंग्लिश चांगलंय' म्हणून मला बसवलं. मी लिहिलं, बादलीवरून 'ब्रॉल' झाला. 'फाइट' हा शब्द मला पाचवीतला वाटला हो!

मग काय, रिपोर्ट समितीकडे गेला. किती मुली होत्या? बाहेरचं कोणी होतं का? दोघींच्या घरी पत्रं गेली. एकीचे वडील रात्रभर एसटीने आले आणि ऑफिसबाहेरच्या बाकावर दोन तास बसून राहिले. मांडीवर पिशवी, पिशवीत लेकीसाठी डबा. मी समोरून तीनदा गेले, पण थांबायचा धीर झाला नाही.

त्या शनिवारी जर्मनच्या क्लासमध्ये मी बाईंना विचारलं, "ब्रॉलला जर्मनमध्ये काय म्हणतात?" बाईंनी उलट विचारलं, "किती जण होते?" झालं! समितीचाच प्रश्न.

बाईंचं बरोबर होतं. ब्रॉलला जवळचा जर्मन शब्द 'श्लेगेराय'. 'श्लागेन' म्हणजे मारणे, त्यावरून आलेला. बोलताना दोघांच्या मारामारीलाही तो वापरतात, पण कायद्यात तसं नाही. जर्मन दंडसंहितेच्या कलम २३१ मध्ये श्लेगेरायमध्ये नुसतं सामील होणं हाही गुन्हा आहे, पण तिच्यात कुणाचा जीव गेला किंवा गंभीर इजा झाली तरच. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड. आणि तिथली न्यायालयं श्लेगेराय म्हणायला किमान तीन माणसं हाणामारीत हवीत असं धरतात. म्हणजे आमच्या दोघी आणि एक बादली मिळून कोरम पुरा होत नव्हता!

'प्र्यूगेलाय' हा दुसरा शब्द. 'प्र्यूगेल' म्हणजे दांडका, तेव्हा अर्थ सांगायला नको. इंग्रजी ब्रॉलमध्येही आरडाओरडा, गर्दी, बऱ्याचदा दारू, सगळं गृहीत असतं. माझ्या एका शब्दाने मी सकाळी सात वाजता बाथरूमसमोर दारूचा गुत्ता उघडला होता.

मग काय लिहायला हवं होतं? एक शब्द 'स्कफल'. यात मारणं कमी आणि ढकलाढकली जास्त. त्याचं नातं स्वीडिश भाषेतल्या 'ढकलणे' या अर्थाच्या शब्दाशी लावतात. आपली झटापट किंवा धक्काबुक्की. जर्मनमध्ये याला 'रांगेलाय' किंवा 'गेरांगेल'. गंमत म्हणजे गेरांगेल हा शब्द पदांसाठी चाललेल्या चढाओढीलाही लावतात. आपल्याकडे खुर्चीसाठी रस्सीखेच चालते, तसंच.

पण बादलीला खरा फिट बसतो तो 'टसल'. यात बहुतेकदा दोघं असतात आणि दोघांना एकच वस्तू हवी असते. हा शब्द केस विस्कटण्याच्या 'टाउझल' या शब्दाचा सख्खा भाऊ, आणि जर्मन 'त्साउझेन' त्याच घराण्यातला, अर्थही तोच. शिवाय जर्मनमध्ये साध्या मारामारीला 'राउफेराय' म्हणतात. त्यातल्या 'राउफेन'चा मूळ अर्थ उपटणे, आणि वैतागलेला जर्मन माणूस आजही स्वतःचे केस 'राउफेन' करतो. आपल्याकडे झिंज्या उपटतात. तीन भाषांतली भांडणं केसांपर्यंत पोचली, हे लेडीज होस्टेलला सांगायची गरज नाही.

या सगळ्या जर्मन शब्दांच्या शेवटी 'आय' का येतं? क्रियापदाला ही शेपटी लावली की 'सारखं सारखं, आणि जरा वैताग आणणारं' असा अर्थ होतो. पण बेकरीला जर्मनमध्ये 'बेकेराय' म्हणतात, तिथेही हीच शेपटी! मराठी वेगळं करते. आपण शब्दच दोनदा म्हणतो, झोंबाझोंबी, गुद्दागुद्दी, ओढाओढी, म्हणजे दोन्ही बाजू आल्या. मला विचाराल तर ही सोय सगळ्यांत भारी, कारण सुरुवात कोणी केली हे सांगावंच लागत नाही. इंग्रजीकडे यातलं काहीच नाही. तिने दिसेल तिथून शब्द उचलले. 'मेले' फ्रेंचमधून आणला, मूळ अर्थ सरमिसळ. त्याला जर्मन 'हांडगेमेंगे', म्हणजे हातांची सरमिसळ. आणि आपण 'हातघाईवर' येतोच की.

शब्द बदलला की प्रकरण बदलतं, याचं मोठं उदाहरण २००६ च्या फुटबॉल विश्वचषकातलं. ३० जूनला बर्लिनमध्ये जर्मनीने अर्जेंटिनाला पेनल्टीवर ४-२ ने हरवलं आणि मैदानावरच खेळाडू एकमेकांना भिडले. खेळाडू असे घोळक्याने जमले की जर्मन लोक 'रूडेलबिल्डुंग' म्हणतात. 'रूडेल' म्हणजे लांडग्यांचा वगैरे कळप. यात ऐकायला तरी कुणी कुणाला मारलेलं नाही. पण चित्रफितीत टॉर्स्टन फ्रिंग्जचा हात अर्जेंटिनाच्या हुलिओ क्रूझच्या तोंडाकडे जाताना दिसला. फिफाने ते ढकलाढकलीत धरलं नाही. फ्रिंग्ज उपांत्य सामन्याला मुकला, आणि इटलीने जर्मनीला २-० ने घरी बसवलं.

एक शब्द राहिला, तो मला सर्वांत आवडला. 'अफ्रे'. हा कायद्यातला शब्द आहे. आपल्याकडे भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम १९४ मध्ये दोघं जरी सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता बिघडवत असतील तरी अफ्रे होतो. एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (बाथरूमची रांग सार्वजनिक जागा आहे का, हे लॉ कॉलेजवाल्यांनी सांगावं.) इंग्रजीत हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, पण फ्रेंचमध्ये तो फ्रँक लोकांच्या जर्मनवंशी बोलीतून शिरला. त्याच्या पोटात जो 'शांतता' अर्थाचा शब्द लपलाय, तोच आजच्या जर्मनमधला 'फ्रीडे'. अफ्रे म्हणजे शांततेतून बाहेर काढणे. 'अफ्रेड', म्हणजे घाबरलेला, हा शब्दही त्यातूनच निघाला.

हे सगळं घोकून मी रेक्टर मॅडमकडे दुसरा रिपोर्ट घेऊन गेले, 'ब्रॉल'च्या जागी 'टसल'. मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाल्या, "फरक काय?" मी जर्मनीपासून सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "मराठीत लिही."

मी लिहिलं, 'बादलीवरून ओढाओढी झाली. कोपर चुकून लागलं.' मॅडमनी सही केली. पण तोवर ते वडील परत गेले होते, आणि पहिला रिपोर्ट काही फाइलमधून काढता येत नाही म्हणाल्या. दोन्ही कागद एकाच टाचणीला आहेत.