मूनी बेन सुलतान

तळहातात मावेल एवढा कागद. त्यावर पेन्सिलीची झरझर रेघ, वर जलरंगाचे पातळ हात आणि बसलेल्या बाईजवळ तिचं नाव: मूनी बेन सुलतान. फ्रेंच चित्रकार युजीन दलाक्र्वानं हा कागद १८३२ साली अल्जीअर्समधल्या भेटीतून रंगवला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या बायांच्या कागदांवर आणखीही नावं सापडतात. बाया, खदूजा. ‘बेन’ म्हणजे खरं तर मुलगा. मुलीसाठी अरबीत ‘बिन्त’ म्हणतात. चित्रकाराला अरबी येत नव्हती, ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. पण लिहिलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

काउंट द मोर्ने हे फ्रान्सचे वकील म्हणून मोरोक्कोच्या सुलतानाकडे निघाले, तेव्हा दलाक्र्वा त्यांच्यासोबत गेला. १८३२ च्या जानेवारीत ते तांजिअरला उतरले. मुसलमान घरांतल्या बायका परक्या पुरुषापुढे येत नसत, त्यामुळे तांजिअरमध्ये त्याला दारं उघडली ती मुख्यतः ज्यू कुटुंबांनी. फ्रेंच वकिलातीचे दुभाषे अब्राहम बेनशिमोल यांच्या घरच्या स्त्रिया त्यानं निवांत रंगवल्या. त्यांची पत्नी सादा आणि मुलगी प्रेसियादा यांचं जलरंगातलं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दोघी नटूनथटून बसल्या आहेत, पण आपल्याच घरात बसाव्यात तशा. आपल्याला कोण रंगवतो आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

अल्जीअर्सची गोष्ट वेगळी. ते शहर फ्रेंच फौजेनं जुलै १८३० मध्ये जिंकलं होतं. जून १८३२ च्या अखेरीस दलाक्र्वा तिथे जेमतेम तीन दिवस होता. बंदरावरच्या एका फ्रेंच अभियंत्यानं हाताखालच्या माणसाचं मन वळवून त्याला त्या माणसाच्या घरात नेलं, अशी हकीकत पुढे छापली गेली. ती तंतोतंत खरी मानली, तर नुकत्याच जिंकलेल्या शहरात साहेबाला ‘नाही’ म्हणणं त्या नोकराला कितपत शक्य होतं? आणि घरातल्या बायकांना कुणी विचारलं होतं का?

अशा ठिकाणी जलरंगच उपयोगी. बोनिंग्टन आणि फील्डिंग या इंग्रज मित्रांच्या सहवासात दलाक्र्वा या माध्यमात रमला होता. वेळ अपुरा पडला की तो आकृतीशेजारी रंगांची नावं शब्दांत टिपून ठेवी आणि मागाहून रंग भरी. म्हणून या कागदांत घाई दिसते, अर्धवट सुटलेली बाही दिसते, कोरा कागद दिसतो. चित्रकाराला जेवढं दिसलं तेवढंच तिथे आहे.

पॅरिसला परतल्यावर त्यानं मोठं तैलचित्र केलं: ‘अल्जीअर्सच्या स्त्रिया, आपल्या दालनात’. रुंदी सव्वादोन मीटरहून थोडी जास्त. १८३४ च्या सलों प्रदर्शनात ते लागलं आणि राजा लुई फिलिपनं विकत घेतलं. मखमली सावल्या, हुक्का, पडदा सारणारी काळी दासी. रंगांची किमया अशी, की पुढच्या पिढ्यांतले चित्रकार तिच्यावरून शिकले. पिकासोनं १९५४-५५ च्या हिवाळ्यात, अल्जेरियाचं स्वातंत्र्ययुद्ध नुकतंच पेटलेलं असताना, याच चित्रावरून पंधरा चित्रं केली. अल्जेरियन लेखिका आसिया जबार यांनी १९८० मध्ये आपल्या कथासंग्रहाला याच चित्राचं नाव दिलं आणि पाहणाऱ्याची नजर ही चोरलेली नजर आहे, असं मांडलं.

या भव्य चित्रात मूनी आहे, पण नाव नाही. शीर्षकात आहेत त्या नुसत्या ‘स्त्रिया’. कागदावरचे जलरंग प्रकाशानं विटतात, म्हणून तसले कागद बहुतेक काळ अंधारात, बंद पेट्यांत ठेवतात. तैलचित्र मात्र दालनात टांगलेलं असतं. लोक रांगेनं येतात, त्या बायांकडे बघतात आणि पुढे जातात.