हातगाडीचा कायदा घरात माहीत हवा

"अतिक्रमणवाल्यांची गाडी आली!" एवढी हाक ऐकली की वडापावच्या, भुर्जीच्या, पोह्यांच्या हातगाड्या गल्लीबोळात पळतात. जी सापडते तिचा स्टोव्ह, पातेली, कांदे-बटाटे सगळे टेम्पोत जाते. एका दिवसाचे भांडवल बुडाले की घरात आठवडाभर ओढाताण. आपल्यातील कितीतरी कुटुंबांची चूल या गाडीवरच पेटते. म्हणून या धंद्याचा कायदा घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असला पाहिजे.

रस्त्यावर धंदा करणे हा मुळात गुन्हा नाही. योग्य नियमांच्या चौकटीत तो घटनेने दिलेल्या व्यवसाय-स्वातंत्र्यात बसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली सोदान सिंग खटल्यात सांगितले. पुढे 2014 साली संसदेने पथविक्रेता कायदा केला. त्यानुसार पालिकेने पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी करावी आणि विक्री प्रमाणपत्रे द्यावीत. हे काम पूर्ण होईपर्यंत कुणालाही हटवू नये. त्यानंतरही हटवायचे तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते.

माल जप्त केला तर त्याची यादी करून सहीची प्रत विक्रेत्याला दिलीच पाहिजे. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल कामकाजाच्या दोन दिवसांत, ठरलेले शुल्क घेऊन परत करायचा असतो. यादीच मागितली नाही, तर पाच पातेल्यांची तीन झाली तरी दाद कशाच्या आधारे मागणार?

हक्काबरोबर जबाबदारीही येते. प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा हातगाडीलाही लागू आहे. शुद्ध पाणी, झाकलेले पदार्थ, स्वच्छ हात यांत कसूर नको. आपले गिऱ्हाईकही कष्टकरीच असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट नगर पथविक्रेता समितीची. या समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश महिला असाव्यात आणि अनुसूचित जातींनाही प्रतिनिधित्व मिळावे, असे कायदा सांगतो. मुंबईत या निवडणुकीचे मतदान ऑगस्ट 2024 मध्ये झाले, म्हणजे कायदा होऊन दहा वर्षे उलटल्यावर! विक्रीच्या जागांचा विचार जिथे होतो तिथे आपली भगिनी बसलेली नसेल, तर आपली गाडी कुठे उभी राहणार हे दुसरेच ठरवतील.

बंधू-भगिनींनो, हप्त्याची पावती मिळत नाही आणि हप्ता देऊन हक्कही शाबीत होत नाही. शाबीत होतो तो कागदाने. पाहणीत नाव नोंदवा, प्रत्येक पावती जपून ठेवा, आणि समितीची निवडणूक लागली की मत द्या, उभेही राहा.