‘मॅडम, दोन फटके द्या, बिनधास्त!’

शाळेतला मार ही आपल्या पिढीची फेव्हरिट आठवण. पण १ एप्रिल २०१० पासून देशात तो बेकायदेशीर आहे. मग पेरेंट्स मीटिंगमध्ये आपणच त्याची परवानगी का देऊन येतो?

शाळेच्या जुन्या दोस्तांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप थंड पडला असेल, तर त्याला जागं करायचा एक हमखास उपाय आहे. फक्त एवढंच विचारा, ‘गणिताच्या सरांचा मार कोणाकोणाला आठवतोय?’ बघा मग धमाल! कुणाला उभ्या फूटपट्टीनं बोटांच्या पेरांवर बसलेले फटके आठवतात, कुणाला भिरभिरत आलेलं डस्टर. कोणी अख्खा तास बाकावर उभा होता, कोणी व्हरांड्यात अंगठे धरून ओणवा. कोंबडा तर जवळपास सगळेच झालेले. हसून हसून पुरेवाट. आणि शेवटी कोणीतरी तो ठरलेला डायलॉग मारतोच, ‘पण बॉस, त्या मारामुळेच तर आपण आज इथे आहोत!’

खरंच?

जरा ऑफिसात येऊ या. सोमवारी लोकल लेट झाली, कार्ड पंच करायला पंधरा मिनिटं उशीर. बॉसनं अख्ख्या टीमसमोर तुम्हाला डेस्कवर उभं केलं. रिपोर्टमधला एक आकडा चुकला म्हणून कान पिळला. वर फ्लोअरभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ‘डोक्यात भुसा भरलाय का? तुझ्या बापानं तरी कधी कम्प्युटर पाहिला होता का?’ काय कराल? एचआरला मेल, पोलीस स्टेशन किंवा त्याच दुपारी राजीनामा. ‘यानं माझं करिअर घडेल’ असं नक्कीच म्हणणार नाही. मग तिशीतल्या धडधाकट माणसानं जे मुळीच सहन करू नये, त्यानं सात वर्षांच्या पोराला मात्र ‘वळण’ कसं लागतं? शिवाय त्या पोराला राजीनाम्याचा ऑप्शन नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर बसायचंच असतं.

कायदा अगदी स्पष्ट आहे

मुलांचे हक्क म्हटलं की आपल्याला वाटतं, हे काहीतरी एनजीओवाल्यांचं प्रकरण. तसं नाही. बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये केला आणि भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. शाळेतली शिस्त मुलाचा मान राखूनच लावली पाहिजे, हे त्यात लिहिलेलं आहे. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली हायकोर्टानं तिथल्या शाळांना छडीची मुभा देणारा नियमच रद्द केला. मग आला २००९ चा शिक्षणहक्क कायदा, आपला नेहमीचा ‘आरटीई’. त्याचं कलम १७ एका वाक्यात सांगतं की कोणत्याही मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देता येणार नाही. ‘फार लागलं नाही’, ‘मुलाच्या भल्यासाठीच मारलं’ अशी कोणतीही पळवाट त्यात नाही. शिक्षक असं वागले, तर त्यांच्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते.

आरटीई ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना त्यातून वगळलं. म्हणून तिथे किंवा नववी-दहावीत मारायला मोकळीक आहे, असं समजू नका. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७५ अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे, त्यानंच क्रूरपणा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते पाहा. राष्ट्रीय बालहक्क आयोगानं २००९-१० मध्ये सात राज्यांतल्या ६,६३२ मुलांशी बोलून एक पाहणी केली. त्यांपैकी ‘मला शाळेत कधीच कसली शिक्षा झाली नाही’ असं म्हणणारी मुलं होती फक्त नऊ! हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर नोव्हेंबर २०२५ मधली वसईची बातमी आठवा. सहावीतल्या एका मुलीला उशिरा आली म्हणून शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांत ती मुलगी गेली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

वळ नसलेला मार

शहरातल्या चकचकीत शाळांमध्ये छडी आता फारशी दिसत नाही. तिथे काम जिभेनं होतं. ‘तुला काही जमणार नाही’, ‘ढब्बू’, ‘आई-वडिलांनी हेच शिकवलं का?’ फी भरली नाही म्हणून मुलाला लायब्ररीत बसवणं, नापासांची नावं वर्गात मोठ्यानं वाचणं, आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांमधून आलेल्या मुलांना वेगळ्या रांगेत उभं करणं, हे सगळं त्यातच येतं. राष्ट्रीय आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये मारहाणीबरोबर मानसिक छळ आणि भेदभावही मोजलेला आहे. टोमणे मारणं, नावं ठेवणं, घरच्या परिस्थितीवरून किंवा जातीवरून बोलणं, सगळं त्यात आहे. वर सांगितलेल्या पाहणीत ८१ टक्के मुलांनी ‘तुझ्याच्यानं शिकणं होणार नाही’ अशा अर्थाचं ऐकलं होतं. हाताचे वळ दोन दिवसांत जातात. हे वाक्य मात्र पुढे इंटरव्ह्यूच्या खोलीपर्यंत सोबत येतं.

परवानगी कोण देतं?

आता खरी गोची. पेरेंट्स मीटिंगला अर्ध्या दिवसाची रजा टाकून आपण जातो, मॅडमसमोर छोट्या खुर्चीत बसतो आणि हसत हसत म्हणतो, ‘घरी तर अजिबात ऐकत नाही. तुम्ही दोन फटके द्या, बिनधास्त!’ आपल्यासाठी ते बोलायचं म्हणून बोललेलं वाक्य. पण शेजारी उभं असलेलं मूल ते ऐकत असतं. त्याला त्यातून एकच कळतं: इथे मला काही झालं, तर आई-बाबा माझ्या बाजूनं नाहीत.

मग एखाद्या दिवशी ते घाबरत सांगतं, ‘आज सरांनी मारलं.’ आपलं पुढचं वाक्य तयारच असतं, ‘तूच काहीतरी केलं असशील!’ झालं. पुढच्या वेळी ते सांगत नाही. आणि थपडेबद्दल ज्याचं ऐकून घेतलं नाही, ते मूल त्याहून भयंकर काही घडलं तर तोंड उघडेल कशाच्या जोरावर? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण उघडकीला आलं, ते चार वर्षांच्या मुली घरी बोलल्या आणि घरच्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला म्हणून. तक्रार नोंदवून घ्यायला मात्र उशीर झाला आणि त्यावरून मुंबई हायकोर्टानं पोलिसांना झापलं. म्हणजे मुलाचा हक्क पहिल्यांदा कोर्टात नाही, घरच्या सोफ्यावर टिकतो किंवा बुडतो.

शिक्षकांची बाजूही आहेच. आरटीईनुसार प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्यक्षात एकेका वर्गात पन्नास-साठ मुलं, वर निवडणुकीची आणि जनगणनेची कामं. अशात बाईंचा पारा चढणारच. पण डेडलाइनचं टेन्शन आहे म्हणून आपण ज्युनियरच्या थोबाडीत मारत नाही ना? वर्ग लहान असावा, समुपदेशक असावा, यासाठी पालकांनी बाईंच्या सोबत उभं राहावं. त्यातून बाईंचा भार हलका होतो आणि हात उचलायची वेळ येत नाही.

तक्रार कशी कराल?

• आधी ऐका. मधे न बोलता, उलटतपासणी न घेता. तारीख, वार, काय झालं ते लिहून ठेवा. लागलं असेल तर फोटो काढा, डॉक्टरांचा कागद घ्या.

• मुख्याध्यापकांना भेटा, पण लेखी पत्र देऊन. पत्राच्या कॉपीवर पोच घ्यायला विसरू नका. शाळेत तक्रारपेटी आणि ‘सखी सावित्री’ समिती आहे का, तेही विचारा. मार्च २०२२ पासून राज्यात ही समिती शाळांना बंधनकारक आहे.

• उत्तर नाही? महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा. आरटीईच्या कलम ३२ नुसार तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

• इजा झाली असेल किंवा लैंगिक त्रासाची नुसती शंका असेल, तर शाळेच्या चौकशीची वाट बघू नका. थेट पोलीस. मदतीसाठी १०९८ हा फोन मुलं स्वतःही करू शकतात. त्यांना हा नंबर पाठ करून द्या.

लग्न, मुलं अजून लांब आहेत म्हणून पान उलटू नका. भाचा आहे, पुतणी आहे, घरी कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा आहे. त्याच्या शाळेत फीवरून काही बोललं गेलं, तर मावशींना पत्र कोण लिहून देणार? दिवसाला चाळीस मेल टाइप करणाऱ्या माणसाला हे एक पत्र जड नाही.

आणि पुढच्या मीटिंगमध्ये, मुलाच्या देखत, एवढंच सांगा: ‘मॅडम, काही अडलं तर मला कधीही फोन करा. हात मात्र लावू नका.’