जेवणाच्या सुट्टीतला कवी

न्यूयॉर्कच्या ५३व्या रस्त्यावर म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आहे. तिथे १९५१ साली तिकिटं आणि पोस्टकार्डं विकायला लागलेला, नाकाचं हाड मोडलेला एक तरुण पुढे तिथेच क्युरेटर झाला. त्याचं नाव फ्रँक ओहारा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर पडे, काहीबाही खाई, एखादं पुस्तक घेई, आणि परत येऊन टाइपरायटरवर कविता लिही. किती वाजले, कुठल्या दुकानात शिरलो, काय खाल्लं, सगळं कवितेत. १९६४ साली आलेल्या त्याच्या छोट्याशा संग्रहाचं नावच ‘लंच पोएम्स’.

हे वाचायला हलकंफुलकं वाटतं. पण ओहारासारख्या समलिंगी माणसासाठी तो काळ हलका नव्हता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ साली आजारांची पहिली अधिकृत सूची काढली, तिच्यात समलैंगिकता होती. ती तिथून निघायला १९७३ उजाडलं. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशात ‘लैंगिक विकृती’ हे केंद्र सरकारची नोकरी नाकारण्याचं एक कारण ठरलं. हजारो लोक कामावरून गेले. त्याआधीच, १९४४ साली, कवी रॉबर्ट डंकनने ‘पॉलिटिक्स’ या मासिकात स्वतःच्या नावानिशी समलिंगी माणसाच्या समाजातल्या स्थानावर लेख लिहिला होता. ‘केन्यन रिव्ह्यू’ या नियतकालिकाने त्याची एक कविता स्वीकारून ठेवलेली होती. लेख वाचल्यावर संपादकांनी ती छापायचं रद्द केलं.

या काळाची गोष्ट निघाली की पहिलं नाव येतं कवी ॲलन गिन्सबर्गचं, आणि ते रास्तच आहे. त्यांची ‘हाउल’ ही कविता १९५६ साली छापली गेली, पुढच्या वर्षी अश्लीलतेचा खटला झाला आणि न्यायाधीशांनी पुस्तक निर्दोष ठरवलं. (हेच गिन्सबर्ग १९६२ साली जोडीदार पीटर ऑर्लोव्हस्कीसह बोटीने मुंबईला उतरले.) मला मात्र ‘हाउल’च्या टाहोपेक्षा त्यांची १९५५ सालची सुपरमार्केटची कविता अधिक भावते. फळांच्या ढिगांमधून, पोरंबाळं घेऊन खरेदीला आलेल्या कुटुंबांमधून त्यांना जुना कवी वॉल्ट व्हिटमन हिंडताना दिसतो. एकटा, म्हातारा, बायकापोरांवाचूनचा. भाजीपाल्याच्या दुकानात शोधलेला हा पूर्वज!

ओहारा टाहो फोडत नाही. ऑगस्ट १९५६मधल्या एका कवितेत तो जेवायला निघतो आणि वाटेत बांधकामावरचे उघडे, घामेजलेले मजूर दिसतात. तो त्यांच्याकडे बघतो आणि पुढे जातो. टॅक्सी, मांजरं, चीजबर्गर यांच्याकडेही बघतोच. पुरुषाने पुरुषाकडे बघणं त्या यादीत इतकं सहज बसतं की खुलासा मागायला वाचकाला फटच सापडत नाही. १९५९ साली त्याने एक थट्टेखोर जाहीरनामा लिहिला. त्यात तो सांगतो, प्रेमाच्या माणसासाठी कविता लिहीत होतो, तेव्हा ध्यानात आलं की त्यापेक्षा सरळ फोन करता आला असता. थट्टा खरी, पण त्याच्या अनेक कविता वाचताना आपण दुसऱ्याचा फोन ऐकतोय असंच वाटतं.

त्याच सुमारास त्याची व्हिन्सेंट वॉरेन या तरुण नर्तकाशी गाठ पडली. त्याच्यावरच्या एका कवितेत ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचत गेलं की त्याचं पूर्ण नाव तयार होतं. म्हणजे मोकळेपणालाही एक पडदा होता, आणि ज्याला वाचायचं त्याला तो वाचता येत होता. ओहाराचा मित्र, कवी जेम्स स्कायलर याला १९८१ साली पुलित्झर मिळालं. त्याच्या कवितेतही खिडकी, हवामान, फुलदाणी यांमधूनच त्याचे प्रियकर येतात-जातात. लोकांसमोर त्याने पहिलं काव्यवाचन केलं ते १९८८ साली, वयाच्या पासष्टीत.

ओहाराला तेवढं आयुष्य लाभलं नाही. जुलै १९६६मध्ये फायर आयलंडच्या किनाऱ्यावर रात्री वाळूवर धावणाऱ्या एका गाडीने त्याला धडक दिली. तो ४० वर्षांचा होता.

वॉरेनसाठी १९६० साली लिहिलेली, त्याच्यासोबत कोक पिण्याची कविता आजही खूप वाचली जाते. स्पेनच्या सहलीपेक्षा, जगातल्या सगळ्या चित्रांपेक्षा हा समोर बसलेला माणूस बरा, एवढंच तिचं म्हणणं. ती मराठीत आणायला बसलं की गंमत होते. इंग्रजीतल्या ‘यू’ला लिंग नाही, त्याच्या आडोशाला ऑडेनसारख्या कवींची प्रेमकविता सुखाने राहिली. आपल्याकडे तो आडोसा फार तोकडा. समोरच्याने नारिंगी शर्ट घातलाय, म्हणून ‘तू शर्ट घातलास’ म्हटलं तर क्रियापद शर्टामागे जातं आणि गुपित टिकतं. पण त्या शर्टात तो कसा दिसतो हे सांगायचं झालं की ‘दिसतोस’ किंवा ‘दिसतेस’ यांतलं एक निवडावंच लागतं. मी ‘दिसतोस’ लिहिलं.